शब्द पाठ, संगत अनोळखी

चिनी भाषेत इंग्रजी शब्द पाठ करण्याला ‘बेइ दानत्स’ असे म्हणतात. यातील ‘बेइ’ या अक्षराचा एक अर्थ पाठ, म्हणजे शरीराची मागची बाजू. जुन्या शाळेत विद्यार्थी पुस्तकाकडे पाठ फिरवून गुरूंना धडा म्हणून दाखवत, त्यावरून हेच अक्षर पाठांतरासाठीही रूढ झाले, असे सांगितले जाते. मराठीतही ‘पाठ’ हा एकच उच्चार दोन्ही अर्थ वाहतो. आपली एक पाठ ‘पृष्ठ’पासून आली आणि दुसरा पाठ पठणातून, त्यामुळे हा निव्वळ योगायोग आहे, पण चिनी विद्यार्थ्याच्या इंग्रजीची निम्मी कहाणी या योगायोगात सापडते. शब्द त्याला पाठ असतो, आणि तो शब्द ज्या वाक्यांत राहतो त्या वाक्यांकडे मात्र त्याची पाठ असते. पिढ्यानपिढ्या वापरल्या गेलेल्या शब्दसंग्रहाच्या पुस्तिका तिथे वर्णानुक्रमे लावलेल्या असत आणि सुरुवातीलाच ‘अबँडन’ हा शब्द येई, ज्याचा अर्थ सोडून देणे. पुस्तक उघडायचे, ‘अबँडन’ वाचायचे आणि त्याची आज्ञा मानून पुस्तक मिटायचे, हा विनोद चिनी विद्यार्थ्यांत इतका जुना झाला आहे की त्यावर आता फारसे कोणी हसत नसावे.

विनोदामागचा सार्वजनिक प्रश्न मात्र जुना झालेला नाही. शालेय शिक्षणात इंग्रजीला किती जागा द्यायची, यावर चीनमध्ये गेले दशकभर वाद चालू आहे. विद्यापीठप्रवेशाच्या ‘गाओकाओ’ परीक्षेत इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणण्याचा प्रस्ताव बीजिंगच्या शहर प्रशासनाने २०१३ साली मांडला होता. मार्च २०२१ मध्ये देशाच्या राजकीय सल्लागार परिषदेच्या एका सदस्याने सुचवले की इंग्रजीला चिनी भाषा आणि गणित यांच्या बरोबरीचा मुख्य विषय मानू नये, कारण तिच्यावर वेळ बराच जातो आणि पुढे ती फार थोड्या पदवीधरांच्या कामी येते. त्याच वर्षी शांघायने प्राथमिक शाळांतील इंग्रजीची सत्रअखेरची परीक्षा थांबवली. सक्तीच्या शिक्षणासाठी २०२२ मध्ये जो नवा आराखडा आला त्यात परकीय भाषेला एकूण तासांपैकी ६ ते ८ टक्के वाटा मिळाला आणि शारीरिक शिक्षणाला १० ते ११ टक्के. २०२३ मध्ये शीआनच्या च्याओथोंग विद्यापीठाने, १९८७ पासून चालत आलेली महाविद्यालयीन इंग्रजीची चौथ्या श्रेणीची परीक्षा पदवीची अट म्हणून काढून टाकली. या सगळ्या काळात गाओकाओच्या ७५० गुणांपैकी इंग्रजीचे १५० गुण मात्र जागचे हललेले नाहीत.

इंग्रजी कमी करा म्हणणारे आणि इंग्रजी ठेवा म्हणणारे, असे दोन्ही पक्ष तास आणि गुण मोजत बसले आहेत. माझे म्हणणे असे की मोजायचे माप त्याहून लहान आहे. सुट्टा, एकटा, एका चिनी अर्थाशी बांधलेला शब्द हेच भाषाज्ञानाचे एकक मानले गेल्यामुळे मेहनत वाया जाते, आणि हे एकक बदलल्याशिवाय तास वाढवून किंवा घटवून काहीही साधणार नाही.

चिनी विद्यार्थी शब्दांच्या मागे इतका का लागतो, हे आधी सहानुभूतीने समजून घ्यायला हवे, कारण मराठी माणसाला ही अडचण सहसा कळत नाही. ज्याने इंग्रजीचा एकही धडा वाचलेला नाही असा मराठी मुलगाही टेबल, स्टेशन, हॉस्पिटल, लाइट, टाइम असे कितीतरी शब्द घरूनच घेऊन शाळेत येतो. फ्रेंच किंवा स्पॅनिश मुलाला तर निम्मा शब्दकोश ओळखीचाच वाटतो. चिनी भाषा मात्र परके शब्द उच्चारासकट सहसा स्वीकारत नाही. ‘शाफा’ म्हणजे सोफा, ‘खाफेइ’ म्हणजे कॉफी असे काही अपवाद आहेत. पण एरवी नवी वस्तू आली की ती आपल्याच अक्षरांतून नव्याने घडवते. संगणक म्हणजे वीज-मेंदू, दूरध्वनी म्हणजे वीज-बोलणे, सिनेमा म्हणजे वीज-सावल्या, आणि रेल्वे म्हणजे अग्नी-गाडी. हा शेवटचा शब्द वाचून आपल्या आजी-आजोबांची ‘आगगाडी’ आठवल्याशिवाय राहणार नाही. आपण ती कधीच यार्डात उभी करून ‘ट्रेन’ पकडली. चिनी लोक अजून अग्नी-गाडीनेच प्रवास करतात.

अशा भाषेत वाढलेल्या मुलाला शब्द आतून दिसतो. गाईचे मांस, डुकराचे मांस, मेंढीचे मांस हे त्याच्यासाठी तीन साधे जोडशब्द आहेत; इंग्रजीत त्यांच्या जागी बीफ, पोर्क आणि मटन असे एकमेकांशी नाते नसलेले तीन शब्द येतात, आणि ते जिवंत जनावरांच्या नावांशीही जुळत नाहीत. महिने त्याच्याकडे पहिला, दुसरा, तिसरा असे जातात. इंग्रजीत बारा नवी नावे पाठ करावी लागतात. फुप्फुसाचा, यकृताचा आणि सांध्यांचा दाह या तीन आजारांच्या चिनी नावांत अवयवाचे नाव आणि दाहाचे अक्षर उघड दिसते. न्यूमोनिया, हिपॅटायटिस आणि आर्थ्रायटिस यांत सामान्य वाचकाला काहीच दिसत नाही. इंग्रजीच्या पोटात लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच यांचे जे थर आहेत त्यांची किल्ली ज्याला घरून मिळालेली नाही, त्याच्यासाठी प्रत्येक शब्द म्हणजे एक बंद पेटी असते. मग अशा पेट्यांची यादी करणे आणि ती घोकणे, हा त्याने काढलेला मार्ग मूर्खपणाचा ठरत नाही.

म्हणून चिनी विद्यार्थ्यांच्या घोकंपट्टीची जी टिंगल बाहेरचे लोक करतात, तिच्यात मी सामील होणार नाही. हजारो अक्षरे हाताने गिरवून आणि तोंडाने म्हणून शिकलेल्या मुलाला पाठांतराची लाज वाटण्याचे कारण नाही, आणि ज्यांनी पाढे आणि रामरक्षा पाठ करून शिक्षणाला सुरुवात केली त्या आपल्यासारख्यांनी तर त्याला हसूच नये. सुरुवातीचे दोन-तीन हजार शब्द यादीतून पाठ करणे हा वेळेच्या हिशेबाने फायद्याचा व्यवहार आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली असा अंदाज मांडला की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले, म्हणजे एकेक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे, लागतात. चिनी शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी सुमारे तीन हजारांपर्यंत पोहोचतो. उरलेले अंतर निव्वळ गप्पा मारून कापता येईल, असे म्हणणाऱ्यांनी कधी कोणतीही परकी भाषा मोठेपणी शिकलेली नसावी.

पाठांतर चुकते ते वेगळ्या जागी. यादीत एका बाजूला इंग्रजी शब्द असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याचा एक चिनी अर्थ, आणि या दोन रकान्यांमुळे मुलाचा असा समज होतो की भाषा म्हणजे एकास एक अदलाबदल. या समजाचे काय होते हे मराठीतल्या ‘लावणे’ या क्रियापदावरून पाहा. आपण दार लावतो तेव्हा ते बंद होते; पंखा लावतो तेव्हा तो सुरू होतो. आपण झाड लावतो, टिकली लावतो, वेळ लावतो, सवय लावतो आणि कोणाची तरी वाटही लावतो. परक्या माणसाने ‘लावणे’ या शब्दासमोर एकच अर्थ लिहून ठेवला, तर त्याला दार आणि पंखा यांतला फरक कोणी समजावायचा? चिनी भाषेत नेमके असेच एक क्रियापद आहे: त्याच एका क्रियापदाने दार उघडतात, दिवा लावतात, मोटार चालवतात आणि सभा भरवतात. यादीत त्या क्रियापदासमोर ‘ओपन’ लिहिलेले असते, म्हणून चिनी विद्यार्थी इंग्रजीत ‘ओपन द लाइट’ असे म्हणून मोकळा होतो. वाक्यातला प्रत्येक शब्द त्याला येत असतो. शब्दांची संगत तेवढी ठाऊक नसते.

चहाचेच घ्या. चिनी माणसाचा चहा ‘दाट’ असतो, इंग्रजाचा ‘बलवान’ आणि आपला ‘कडक’. ज्याला इंग्रज ब्लॅक टी म्हणतो तो चिनी माणसासाठी लाल चहा आहे. चिनी पाऊस ‘मोठा’ असतो, इंग्रजी पाऊस ‘जड’. चिनी भाषेत हेव्याने डोळे लाल होतात, इंग्रजीत हिरवे. पुस्तक वाचणे, दूरचित्रवाणी पाहणे आणि डॉक्टरकडे जाणे या तिन्हींसाठी चिनी माणूस ‘पाहणे’ हे एकच क्रियापद वापरतो. या विसंगती मोठ्या नाहीत, आणि म्हणूनच त्या फसव्या आहेत. त्यांना म्हणीसारखा रंग नाही, कोणी त्यांची गंमत सांगत नाही, परीक्षेत त्यांवर स्वतंत्र प्रश्न येत नाही. पण बोलणाऱ्याची भाषा घरची वाटते की भाड्याची, हे ऐकणाऱ्याला कळते ते इथेच.

जोडक्रियापदांची गोष्ट याहून बोलकी आहे. यान लियाओ आणि योशिनोरी फुकुया या दोन अभ्यासकांनी २००४ साली दाखवून दिले की मध्यम पातळीवरचे चिनी विद्यार्थी इंग्रजीतली ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’ या घडणीची क्रियापदे, विशेषतः लाक्षणिक अर्थाची, टाळतात आणि त्यांच्या जागी एकशब्दी क्रियापद निवडतात. यादीतून शिकलेल्या मुलाला ‘टॉलरेट’ सापडते, पण ‘पुट अप विथ’ कुठल्या अक्षराखाली शोधायचे? त्यामुळे त्याचे बोलणे सरकारी परिपत्रकासारखे होते. आश्चर्य असे की या रचनेचे मर्म त्याच्या स्वतःच्या भाषेत आहे. चिनीत ‘उठून येणे’ या अर्थाचे शेपूट ‘विचार करणे’ या क्रियापदाला जोडले की ‘आठवणे’ असा अर्थ होतो. तिथे कोणी उठत नाही आणि कोणी येत नाही. मराठीतही ‘सांगून टाकले’ मध्ये कोणी काही टाकत नाही आणि ‘बोलून गेला’ मध्ये कोणी कुठे जात नाही. शेपटाने क्रियापदाचा अर्थ वळवणे ही चिनी मुलाच्या हाताखालची युक्ती आहे. पण आपल्या भाषेकडे बोट दाखवून इंग्रजी शिकवणे हे मागासपणाचे लक्षण आहे अशा समजुतीने ती त्याला दाखवली जात नाही.

आता वाक्प्रचार आणि म्हणी. चिनी भाषेत चार अक्षरांच्या वाक्प्रचारांना ‘छंग्यू’ म्हणतात. त्यांची संख्या हजारांत मोजतात, आणि त्यांतले अनेक प्राचीन ग्रंथांतल्या कथांचे अर्क आहेत: सापाचे चित्र पूर्ण झाल्यावर त्याला पाय काढणे, विहिरीतला बेडूक, बैलापुढे वीणा वाजवणे. विहिरीतला बेडूक आपल्याकडचा कूपमंडूकच आहे, आणि बैलापुढची वीणा म्हणजे आपली गाढवापुढची गीता. छंग्यूला लेखनात मोठी प्रतिष्ठा आहे. निबंधात नेमका छंग्यू नेमक्या जागी बसला की लिहिणाऱ्याचे वाचन आणि संस्कार दिसतात, शिक्षक प्रसन्न होतात आणि गुण वाढतात.

हीच सवय चिनी विद्यार्थी इंग्रजीत घेऊन येतो, आणि तिथे त्याचा घात होतो. इंग्रजी वाक्प्रचारांचा मोठा भाग स्वयंपाकघरातून, जहाजावरून, खेळाच्या मैदानातून आणि घोड्यांच्या शर्यतीतून आलेला आहे. त्याची जागा गप्पांत आहे, आणि गंभीर लेखनात त्याचा अतिरेक हे आळसाचे लक्षण मानले जाते. चिनी परीक्षार्थी मात्र त्याला छंग्यूचा मान देऊन निबंधाच्या कपाळावर लावतो. ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ हे वाक्य आणि ‘समाजाच्या वेगवान विकासाबरोबर’ ही सुरुवात चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांत इतक्या वेळा आली आहे की तपासणाऱ्यांची नजर त्यांवरून आपोआप घसरत असेल. मुसळधार पावसासाठी कुत्री-मांजरे पाडणारा वाक्प्रचारही असाच वर्गावर्गांतून शिकवला जातो, जरी आजच्या इंग्रज माणसाच्या तोंडी तो फार क्वचित ऐकू येतो. आपण याला हसू नये. ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाने आपल्या शाळांतही असंख्य मुलांना ‘पराक्रमाची शर्थ करणे’ म्हणजे मावळ्यांबद्दलचे एक ठरावीक वाक्य, एवढेच शिकवले आहे.

वाक्प्रचार एका भाषेतून दुसरीत जात नाहीत, असे मात्र मुळीच नाही. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट भारतातून बौद्ध ग्रंथांच्या अनुवादांबरोबर चीनमध्ये गेली आणि चार अक्षरांत बसून पक्की चिनी झाली; आज तो छंग्यू वापरणाऱ्या किती जणांना त्याचे मूळ गाव आठवत असेल? उलट दिशेनेही माल गेलेला आहे. चेहरा गमावण्याची कल्पना इंग्रजीने चिनीतून एकोणिसाव्या शतकात उचलली; ‘ब्रेनवॉश’ हा शब्द १९५० मध्ये मेंदू धुण्याच्या चिनी शब्दावरून इंग्रजीत आला; ‘कागदी वाघ’ माओच्या १९४६ मधील मुलाखतीनंतर जगभर झाला, आणि मराठी वर्तमानपत्रांतही तो कितीदा तरी गुरगुरला आहे. धीर देताना ‘तेल घाला’ म्हणण्याची चिनी रीत ‘अ‍ॅड ऑइल’ या रूपाने २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशात दाखल झाली. गोष्ट, प्रसंग, बातमी, वापर यांच्या बरोबर वाक्प्रचार प्रवास करतो, हे या उदाहरणांतून दिसते. यादीच्या रकान्यात बसून त्याने सीमा ओलांडल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही. आणि तरीही आपल्या भाषेतली प्रतिमा इंग्रजीत आणणाऱ्या चिनी मुलाच्या वहीवर ‘चिनी वळणाची इंग्रजी’ असा लाल शेरा पडतो. प्रत्येक शब्दशः भाषांतर खपवून घ्यावे असे मी म्हणत नाही; ‘ओपन द लाइट’ ही चूकच आहे. पण नुसती चूक आणि नवी प्रतिमा यांत फरक न करता दोन्हींना एकच शाई लावणाऱ्या शिक्षणातून, ज्याला चिनी लोकच ‘मुकी इंग्रजी’ म्हणतात ती तयार होते: वाचता येते, पर्याय निवडता येतो, तोंड मात्र उघडत नाही.

तासांच्या वादात सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा विषमतेचा आहे. तास कमी झाले आणि गुण तेवढेच राहिले, तर शाळेने सोडलेली जागा कोण भरणार? जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या, नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली, तरी ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या घरी शिक्षक येऊ शकतो आणि परदेशी नातेवाईक, चित्रपट, प्रवास ही संगतही त्यांच्याच वाट्याला येते. गान्सू किंवा क्वेइचौ प्रांतातल्या खेड्यातल्या मुलीजवळ यादी असते. इंग्रजीला मुख्य विषयांतून काढून टाकण्याची सूचना या मुलीवरचे ओझे हलके करण्यासाठी आहे असे वाटते; प्रत्यक्षात त्या सूचनेने शहरातल्या मुलाची आणि या मुलीची बरोबरी होऊ शकेल असे एक दार लागते. (मराठी अर्थाने लागते, चिनी अर्थाने नव्हे.) यंत्रे आता भाषांतर करतात, मग कशाला शिकायचे, हा युक्तिवादही असाच आहे. तो करणारे स्वतःच्या मुलांना यंत्राच्या भरवशावर सोडतील, यावर माझा विश्वास नाही.

म्हणून माझी सूचना यादी फाडण्याची नाही, ती वेगळी छापण्याची आहे. ‘हेवी’ या शब्दासमोर ‘जड’ एवढेच छापण्याऐवजी जड पाऊस, जड वाहतूक, जड धूम्रपान करणारा अशा तीन-चार इंग्रजी जोड्या छापाव्यात आणि त्यांच्यासमोर चिनी माणूस त्याच जागी काय म्हणतो ते द्यावे: मोठा पाऊस, कोंडलेली वाहतूक आणि, शेवटच्यासाठी, धूरभूत. या शेवटच्या शब्दावर वर्गात हशा पिकेल, आणि तो हशाच ती जोडी लक्षात ठेवील. यासाठी परदेशी शिक्षक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही; दर पानाला थोडा अधिक कागद लागतो, आणि तो खेड्यातल्या शाळेलाही परवडतो. म्हणी सर्वांत शेवटी याव्यात, त्यांच्या गोष्टींसह याव्यात आणि त्यांवर गुण नसावेत. तीन हजार सुट्ट्या शब्दांऐवजी दोन हजार शब्द त्यांच्या सोबत्यांसह आले, तर तो तोट्याचा सौदा नाही.

अडचण परीक्षेची आहे, हे मला मान्य आहे. २०२४ मध्ये गाओकाओसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. एवढ्या उत्तरपत्रिका तपासायच्या तर ज्याचे उत्तर एकच आहे असा प्रश्न सगळ्यांनाच सोयीचा वाटतो, आणि सुट्टा शब्द हे असे आदर्श उत्तर आहे. तरीही परीक्षा बदलू शकते, हे चच्यांग प्रांताने २०१६ मध्ये दाखवले. तिथल्या प्रश्नपत्रिकेत विद्यार्थ्याला एक अपुरी गोष्ट वाचायला देऊन पुढचे दोन परिच्छेद लिहायला सांगू लागले, आणि नंतर हा २५ गुणांचा प्रश्न नव्या पद्धतीच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकांतही आला. गोष्ट पुढे न्यायची तर शब्दांना संगत लागतेच, म्हणून हा प्रश्न योग्य दिशेने टाकलेले पाऊल होते असे मी मानतो.

त्यावर शिकवणीच्या बाजाराने काय उपाय काढला, तेही सांगायला हवे. पात्र दुःखी असेल तर गालांवरून ओघळणारे अश्रू, घाबरले असेल तर छातीत धडधडणारे हृदय, आनंदले असेल तर मनात उसळणारी लाट, अशा तयार वाक्यांच्या नव्या याद्या निघाल्या, आणि त्याही पाठ होऊ लागल्या. गोष्ट हरवलेल्या कुत्र्याची असो की शाळेतल्या शर्यतीची, दुसऱ्या परिच्छेदात अश्रू ओघळतातच. हे वाचून सुधारणा फसली असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. या मुलांना ‘टिअर्स’ हा शब्द आता एकटा भेटत नाही, त्याच्याबरोबर कोणते क्रियापद चालते आणि ते अश्रू कुठून कुठे जातात, हेही त्यांच्या तोंडी बसले आहे. ते कधी ओघळू द्यायचे, हे अजून शिकायचे आहे.